दहाव्या जागेवर प्रफुल्ल बच्छाव

प्रफुल्ल बच्छाव बावीस दिवस देव होता आणि तेविसाव्या दिवशी स्टॅम्पपेपरवर लिहून देऊन त्याने देवपद सोडलं.

असं काहीही घडलेलं नाही. इंदिरानगरातल्या गोदाकिरण सोसायटीच्या इतिवृत्तात तशी स्पष्ट नोंद आहे: 'मागच्या भिंतीबाबत सन २००४ च्या मार्च-एप्रिलमध्ये काहीही घडलेले नाही, असे सर्वानुमते ठरले.' सूचक सावळीराम गांगुर्डे, अनुमोदक चतुराबाई. हे दोघं एका ठरावावर एकत्र आले हा खरं तर त्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा चमत्कार, पण काही घडलंच नसल्यामुळे त्याचीही नोंद नाही. तेव्हा जे घडलं नाही, ते ज्या क्रमाने घडलं नाही त्याच क्रमाने सांगितलेलं बरं.

प्रफुल्ल विज्ञानाचा शिक्षणसेवक. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं शिक्षकाचं सगळं काम करायचं आणि तीन वर्षांनी 'कायम' अशी ऑर्डर हातात पडली की मग शिक्षक व्हायचं. अळीचं फुलपाखरू होतं तसंच. फक्त अळीला मुख्याध्यापिकेची शिफारस लागत नाही. प्रफुल्लचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. सिन्नरच्या तृप्तीशी त्याचं लग्न ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे, तिच्या वडिलांनी 'ऑर्डर दाखवा, तारीख काढतो' एवढं ठरवलं होतं. आणि इकडे मुख्याध्यापिका आशा मॅडमनी फाइल चाळून सांगितलं होतं, "सर, तुमच्या फाइलीत एकही उपक्रम नाही. उपक्रमाशिवाय मी शिफारस कशाच्या जोरावर करू? एप्रिलअखेर फाइल जाणार. काहीतरी करा. झाड लावा."

उन्हाळ्यात झाड जगणार नव्हतं. म्हणून प्रफुल्लने भिंत धरली.

गोदाकिरणची मागची भिंत रिक्षा स्टँडच्या गल्लीत होती. त्या गल्लीतून जाणारा प्रत्येक पुरुष तिथे क्षणभर थांबायचा आणि भिंतीकडे तोंड करून विचारमग्न उभा राहायचा. (विचारमग्न म्हणायचं ही सोसायटीची सभ्यता.) 'येथे लघवी करू नये' असं लिहून झालं होतं, लोक ते वाचत उभे राहायचे. दंडाची पाटी लावून झाली. पाटीमुळे आडोसा वाढला. आता एकच उपाय उरला होता, जो जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्यांवर लागू पडला होता: देवांच्या टाइल्स.

त्यासाठी सभा बोलावली. सेक्रेटरी सावळीराम गांगुर्डे उभे राहिले. आवक-जावक विभागात तीस वर्षं काढून रिटायर झालेला हा माणूस घरात मीठ मागतानाही 'विषय' आधी सांगायचा. ते म्हणाले, "माझा विरोध नोंदवा. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. देव ज्याचे त्याने घरात ठेवावेत. सार्वजनिक भिंतीला नकोत."

"माझाही विरोध," तळमजल्याच्या चतुराबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात देवघर नव्हतं, देवघरात घर होतं. "देव काय वॉचमन आहेत का? जिथे माणसाला उभं राहू नये असं वाटतं, तिथे देवाला उभं करायचं?"

नास्तिक आणि आस्तिक एकाच बाजूला बसलेले पाहून सभा गोंधळली. अशा वेळी शहाणा माणूस चहा मागतो. प्रफुल्ल उठून उभा राहिला.

"आपण उत्क्रांती काढू," तो म्हणाला. "माशापासून माणसापर्यंत, दहा टप्पे. आणि खाली लिहू, 'कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलात, आता तरी माणसासारखे वागा.'"

ठराव कोणाला कळला नाही आणि दुपारी क्रिकेटची मॅच होती, म्हणून तो एकमताने मंजूर झाला. प्रफुल्लने मात्र त्या रात्री वहीत विरोधकांच्या संभाव्य सात आक्षेपांना सात उत्तरं लिहून ठेवली. मध्ये मध्ये जीवाश्मांचे दाखले घातले. या वहीचं पुढे काय झालं ते पुढे येईलच. तूर्त एवढंच, की ती आजही न वापरलेली, नवी करकरीत आहे.

पेंटर मिळाला गेणू. पेठकडचा, तिशीचा, कानावर पेन्सिल. आदल्या वर्षी कुंभमेळा होऊन गेला होता आणि त्या काळात एका ठेकेदाराच्या हाताखाली गेणूने साडेतीनशे देव काढले होते. हात इतका बसला होता की किराणा दुकानाची पाटी रंगवायला घेतली तरी 'साखर'च्या मागे आपोआप प्रभावळ यायची.

प्रफुल्लने त्याला दहा टप्प्यांचा कागद दिला. एक, मासा. दोन, बेडूक. तीन, डुकरासारखा चार पायांवरचा केसाळ प्राणी. चार, नुकतंच दोन पायांवर उभं राहिलेलं जनावर. पाच, बुटका आदिमानव. सहा, दगडी कुऱ्हाडवाला. सात, धनुष्यवाला शिकारी. आठ, गुरं पाळणारा. नऊ, गाव वसवणारा. दहा, आजचा माणूस. गेणू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर पेपर फुटल्याचा आनंद पसरला.

"आलं ध्यानात, सर. आता तुम्ही काय बी सांगू नका."

"गेणू, तुला पटतं का हे? माणूस असा बदलत बदलत झाला?"

गेणूने ब्रश पुसला. "सर, मी साडेतीनशे देव काढले. त्यातला एक बी आपोआप झाला नाय. चुना मारा, दोरी मारा, रंग भरा, तवा कुठं एक मारुती उभा ऱ्हातो. अन् आख्खा माणूस आपोआप झाला म्हनता?"

आक्षेप क्रमांक दोन! प्रफुल्ल सरसावला. "बरं, तुझा पहिला मारुती आणि शेवटचा मारुती सारखेच होते का?"

"नाय वं! पयला लय बेकार. मंग बदलत बदलत सुधरला."

"मग झाली की उत्क्रांती!"

"झाली ना," गेणू शांतपणे म्हणाला. "पन हात माझाच व्हता."

हे उत्तर वहीत नव्हतं. प्रफुल्ल 'उद्या सांगतो' म्हणून निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला दहावीच्या परीक्षेवर सुपरव्हिजनला सिन्नरला पाठवण्यात आलं. रोज पहाटेची एसटी, संध्याकाळी परत. परतल्यावर भिंत बघायला जावं तर तिच्यावर गोणपाटाचा पडदा. गेणू म्हणायचा, "डोळे उघडायचे ऱ्हायलेत, सर. डोळे उघडल्याबिगर बघू नये." प्रफुल्लला वाटलं, कलावंताचा लहरीपणा. देवांच्या मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतात, ही रीत त्याला माहीत होती. बेडकाचेही डोळे कोणी मुहूर्तावर उघडतं का, एवढंच त्याच्या मनात आलं नाही.

मध्ये एकदा गेणू वर घरी आला. "आजचा मानूस कसा काढू?" प्रफुल्ल घरी नव्हता. त्याची आई लताबाई मूळच्या सटाण्याकडच्या. "आजचा माणूस म्हणजे माझा पोरगाच शे की," असं म्हणून त्यांनी तृप्तीच्या घरी पाठवलेल्या फोटोची दुसरी प्रत काढून दिली. त्या फोटोत प्रफुल्ल लूनावर बसलेला होता आणि 'थांब, डोळे मिटले' म्हणून फोटोग्राफरला हात दाखवत होता.

पाडव्याच्या सकाळी गेणूने पडदा ओढला.

पहिला मासा. कपाळावर गंध, पोटाखाली कमळ, मागे प्रभावळ. दुसऱ्या बेडकाला कवच फुटून तो कासव झाला होता. तिसऱ्या केसाळ प्राण्याने सुळ्यांवर पृथ्वी उचलली होती. चौथ्या जनावराला आयाळ आली होती. पाचव्या बुटक्या आदिमानवाच्या डोक्यावर छत्री होती आणि एकूण चेहरा बघता मुंज नुकतीच झाली असावी. सहाव्याने कुऱ्हाड नीट पॉलिश करून घेतली होती. सातव्याचा धनुष्यबाण वाखाणण्यासारखा होता. आठव्या गुराख्याच्या हाती बासरी होती. नववी चौकट पांढरी शुभ्र, कोरी. आणि दहाव्या चौकटीत, पांढऱ्या लूनावर, मागे प्रभावळ, उजवा हात वर करून, अखिल इंदिरानगराला आशीर्वाद देत प्रफुल्ल बच्छाव.

धक्का बसला की माणूस महत्त्वाचं सोडून भलतंच बोलतो, तसं प्रफुल्ल म्हणाला, "लूना तर चॉकलेटी आहे माझी."

"कल्कीचं वाहन पांढरंच असतं, सर. घोड्याला जागा पुरली नाय."

"गेणू, मी उत्क्रांती सांगितली होती रे!"

"तीच काढली. तुमच्या कागदावर नुसती नावं चुकली व्हती, तेवढी मी सुधरली. पैलं मासा, मंग कासव, मंग डुक्कर... कोनाला बी इचारा."

"आणि नववी?"

नववीचं उत्तर सावळीरामकाकांनी दिलं. "ती मी थांबवली. हे महाशय तिथे बुद्ध काढत होते. मी म्हटलं, बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, आमची पाचवी प्रतिज्ञाच आहे ती. हवं तर लेखी देतो. तेव्हा जागा कोरी ठेवण्यात आली." मग त्यांनी दहाव्या चौकटीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "प्रफुल्ल, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. निदान हेल्मेट तरी घालायचंस."

प्रफुल्ल तयारच होता. आता लोक भडकतील, देवाची विटंबना म्हणतील, आणि मग तो वही उघडील. चतुराबाई आल्या. त्यांनी पहिल्यापासून दहाव्यापर्यंत पाहिलं, परत पहिल्याकडे गेल्या, आणि पदर सावरून नमस्कार केला.

"काकू, ही उत्क्रांती आहे," प्रफुल्ल म्हणाला. "आधी पाण्यातला जीव, मग जमिनीवरचा, मग..."

"तेच तर! मासा पाण्यात, कासव दोन्हीकडे. आमच्या ऋषींना सगळं माहीत होतं रे. तुमच्या त्या इंग्रजांना उशिरा कळलं."

"तसं नाही, हे आपोआप घडत..."

"बरोबर. तोच घडवतो."

एकही माणूस विरोध करीना. रिक्षावाले, दूधवाला, सोसायटीतले इंजिनिअर, सगळे त्याच्याशी सहमत होते. जो तो त्याची पाठ थोपटून त्याच्या नेमकं उलट बोलायचा. भांडायला यावं आणि समोरच्याने गळ्यात हार घालावा, असं झालं. संध्याकाळी सावळीरामकाका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एका कागदाला दोन्ही बाजूंनी मंजुरी मिळाली, की समजावं कागद कोणी वाचलेला नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे."

भिंतीचा मूळ प्रश्न मात्र सुटला. नऊ दशांश सुटला. आठ अवतारांसमोर आणि प्रफुल्लसमोर कोणाची उभं राहायची हिंमत होईना. सगळी गल्ली आता नवव्या चौकटीसमोर रांग लावायची.

"बघितलंस?" सावळीरामकाका विजयाने म्हणाले. "म्हणून मी काढू देत नव्हतो!"

प्रफुल्लने मात्र त्या कोऱ्या चौकटीत आशा शोधली. उत्क्रांतीच्या साखळीत एखादा दुवा हरवलेला असतो, हे त्याने मुलांना शिकवलं होतं. त्या भिंतीवर शास्त्रशुद्ध अशी ती एकच जागा उरली होती, आणि तिला सगळ्यात जास्त वास येत होता.

आठवडाभरात लूनाच्या चाकाखाली नारळ फुटू लागले. आता शाळेला जायला प्रफुल्ल गल्लीतून निघाला की रिक्षावाले उठून उभे राहायचे. एका बाईने त्याच्या लूनाच्या सीटवर कुंकवाचं बोट लावलं. परीक्षा संपवून आलेला एक विद्यार्थी त्याला म्हणाला, "सर, बीजगणिताचा पेपर अवघड गेलाय. बघा काहीतरी." लताबाईंना यात काहीच वावगं दिसेना. "देवाला भाजी आणायला सांगायची पंचाईत होते, एवढंच," त्या म्हणाल्या आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता सुरू होती. एका दुपारी जीपमधून एक पथक उतरलं. पथकातल्या साहेबांनी भिंत पाहिली आणि ते चमकले.

"हा हात कोणाचा?"

"माझा," प्रफुल्ल म्हणाला.

"वर का केलाय? आचारसंहितेत हात चालत नाही." मग त्यांना माशाखालचं कमळ दिसलं. त्यांचा चेहरा पडला. "कमळसुद्धा? तुम्ही नक्की कोणाकडून उभे आहात?"

"मी कोणाकडूनच उभा नाही. बसलोय. लूनावर."

साहेबांनी फुटलेले नारळ पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "अच्छा, मंदिर! मग ते आमच्याकडे नाही, अतिक्रमणवाल्यांकडे." चार दिवसांनी नोटीस आली. 'गोदाकिरण सोसायटीच्या मागील भिंतीवरील अनधिकृत देवस्थान सात दिवसांत काढावे. देवाचे नाव: प्रफुल्ल बच्छाव. राहणार: तेथेच, दुसरा मजला.'

प्रफुल्ल नोटीस घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेला. तिथल्या क्लार्कने त्याला नीट समजावून सांगितलं. जाहिरात असेल तर परवानगी दाखवा. देवस्थान असेल तर पाडावं लागेल. शैक्षणिक तक्ता असेल तर शाळेचा दाखला आणा, विषय मिटला. "तुम्ही कोण ते तुम्ही ठरवा, आणि लेखी द्या," तो म्हणाला. दोन हजार वर्षं मोठमोठे लोक ज्या प्रश्नावर डोकं आपटत होते, तो एवढ्या सोप्या शब्दांत कोणी मांडला नव्हता.

दाखल्यासाठी आशा मॅडम स्वतः भिंत बघायला आल्या. मॅडमनी चप्पल काढली, नवव्या चौकटीपाशी आल्यावर लगेच परत घातली, आणि सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "सर, तीन वर्षांत मला वाटलं नव्हतं तुमच्यात एवढं आहे. फार सुंदर. मी आजच शिफारस लिहिते. उपक्रमाचं नाव, 'दशावतार, एक संस्कारचित्र'. तुम्ही फक्त इथे सही करा."

"मॅडम, पण ही उत्क्रांती आहे."

मॅडमचा चेहरा बदलला. "सर, मी त्र्यंबकला दर सोमवारी जाते. माकडाचा माणूस झाला, हा धडा मी अठरा वर्षं शिकवला. परीक्षेला येतो म्हणून. पण माझ्या शाळेच्या लेटरहेडवर मी तो लिहून देणार नाही. दशावतार असेल तर सही करा, ऑर्डर तुमची. नसेल तर उपक्रम झालाच नाही."

म्हणजे असं: दशावतार म्हणावं तर नोकरी कायम, लग्नाची तारीख पक्की, आणि वर्गात पोरांसमोर उत्क्रांती शिकवायला कोणत्या तोंडाने उभं राहायचं ते वेगळंच. शिवाय त्याच कागदावर भिंत देवस्थान ठरून पडणार. उत्क्रांती म्हणावं तर भिंत उभी, पण प्रफुल्ल आडवा. त्याने कोपऱ्यावरच्या पीसीओवरून सिन्नरला तृप्तीला फोन लावला.

"बाबांना मी बघून घेते," तृप्ती म्हणाली. "वरात लूनावर आली तरी चालेल मला. पण नवरा देव नको. देवाला भांडी घासायला सांगता येत नाही. मुकाट्याने लिहून दे, मी माणूस आहे म्हणून."

प्रफुल्लने मॅडमच्या कागदावर सही केली नाही. तो कोर्टाबाहेर टायपिस्टकडे गेला. 'मी देव नाही' याचा मसुदा टायपिस्टकडे नव्हता. त्याने 'नावात बदल' या मसुद्यातच दुरुस्ती केली. 'मी, प्रफुल्ल बच्छाव, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की चित्र क्रमांक दहामधील व्यक्ती मी असून मी देव नाही, पूर्वी कधीही देव नव्हतो, आणि भविष्यात देव झाल्यास तसे कार्यालयास पंधरा दिवसांत कळवीन. सदर भिंत ही उत्क्रांती आहे.' साक्षीदार म्हणून सावळीरामकाकांनी सही केली आणि जावक क्रमांक घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतका चोख कागद त्यांनी रिटायर झाल्यापासून पाहिला नव्हता.

चार दिवसांनी महापालिकेच्या ठेकेदाराची दोन माणसं चुन्याची बादली घेऊन आली.

"अहो, मी लिहून दिलंय ना!" प्रफुल्ल ओरडला. "देवस्थान नाही म्हणून दिलंय!"

"व्हय की, कागद संगंच हाय," त्यातला मोठा म्हणाला. त्याने पहिल्या चौकटीतल्या माशाकडे पाहिलं आणि कानाला हात लावला. कासवाकडे पाहिलं, परत कानाला हात. आठवीपर्यंत तो कानाला हात लावत गेला. मग नववी ओलांडून दहावीपाशी आला. "ह्यांच्याबद्दल लेखी न्हाई. ह्यांना कोन हात लावनार? पोराबाळांचा बाप हाय मी. पन हा देव न्हाई, असं ह्यात छापलंय."

आणि त्याने चुन्याचा पहिला फटकारा प्रफुल्लच्या तोंडावर मारला.

सगळी सोसायटी बघत उभी होती. प्रभावळ गेली, आशीर्वादाचा हात गेला, सगळ्यात शेवटी लूनाचं पुढचं चाक गेलं. गेणू मान हलवत म्हणाला, "डोळे लय चांगले उघडले व्हते." उत्क्रांती आठव्या टप्प्यावर, बासरीपाशी येऊन थांबली. पुढे माणूस नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्ल गल्लीतून निघाला, तेव्हा नवव्या चौकटीसमोरची रांग निम्मी झाली होती. उरलेली निम्मी दहाव्या चौकटीसमोर विचारमग्न उभी होती. त्यातल्या एका रिक्षावाल्याने ओशाळून मान वळवली. "सर, आता तुम्ही नाही ना इथं?"

आशा मॅडमनी फाइलवर शेरा मारला: 'उपक्रम जागेवर आढळून आला नाही. मुदत एक वर्ष वाढवावी.' तृप्तीने निरोप पाठवला, एक वर्ष थांबते, तोवर भांड्यांची प्रॅक्टिस सुरू कर. सोसायटीने सभा घेऊन काहीही घडलं नसल्याचा ठराव केला. आणि प्रफुल्लने सावळीरामकाकांकडून भाषा तपासून घेऊन एक अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. त्याची पोच अजून आलेली नाही. अर्ज असा:

'प्रति, मा. सक्षम अधिकारी (जे कोणी असतील ते).

विषय: माणूस म्हणून कायम करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की अर्जदार हा माशापासून सुरुवात करून सलग व विनाखंड सेवेने माणूस या पदापर्यंत पोहोचला असून, मध्यंतरी बावीस दिवस त्याने देव या वरिष्ठ पदाचा अतिरिक्त कार्यभार विनामोबदला सांभाळलेला आहे. सदर पदावरून तो स्वेच्छेने परत आला आहे. तथापि सध्या त्याची जागा पांढरी असून तिचा वापर अन्य कारणासाठी होत आहे. तरी मागील सेवा ग्राह्य धरून अर्जदारास माणूस या पदावर कायम करण्यात यावे, आणि तसा फलक रिक्षा स्टँडच्या बाजूस, दर्शनी भागी, कमरेच्या उंचीवर लावण्यात यावा, ही नम्र विनंती.'